दोघांत उचलेल असा रॅम्प

घरात तिला सगळे दाभण म्हणत. ताडपत्रीच्या पिशव्या ती दाभणाने शिवायची, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तिच्याशी दोन वाक्यं बोललेल्या माणसाला सांगावं लागत नसे. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. रडून ते परत येणार नाहीत हे तिला लवकर कळलं. मग तिने रडणं सोडलं आणि बोलणं धरलं.

तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं, वेल्डिंगचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यांत दादा, वहिनी आणि दाभण. तिची चाकाची खुर्ची दादानेच केलेली. आधी विकतची आणली होती. ती त्याने उलटी करून पाहिली, सांधे हलवून पाहिले, "हे काय काम आहे?" म्हणून रस्त्यावर थुंकला, आणि सायकलची चाकं लावून दुसरी जोडली. ती अजून कुरकुरत नाही.

पण नुसती खुर्ची चांगली असून भागत नाही, शहरही लागतं. बँकेला पायऱ्या, पोस्टाला पायऱ्या, औषधाच्या दुकानाला एक पायरी. "एकच तर पायरी आहे हो," असं म्हणणाऱ्याची तिला सगळ्यात जास्त चीड यायची. एक पायरी काय आणि दहा काय, चाकाला सारख्याच. आणि किळस यायची ती मदतीला धावणाऱ्यांची. विचारत नाहीत, सांगत नाहीत, काखेत हात घालतात आणि पोतं उचलावं तसं उचलतात. वर पोचवल्यावर हात झटकतात आणि सभोवार बघतात, कोणी पाहिलं का म्हणून. दुसऱ्याच्या घामाचा वास घेऊन काउंटरसमोर बसायचं आणि त्याला "उपकार झाले" म्हणायचं. तिने कधी म्हटलं नाही.

मग मोबाइलवर तो नकाशा आला. कोण्या एका आंधळ्या निवृत्त शिक्षकाने आणि कुबड्या घेऊन फिरणाऱ्या त्याच्या मित्राने तो सुरू केला होता. जिथे खुर्ची जाते तिथे हिरवा ठिपका, जिथे जात नाही तिथे लाल. कुठली लिफ्ट बंद आहे, कुठल्या फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवलाय, कुठली बस दाराशी खाली झुकते, सगळं त्यात. ठिपके लावणारे सगळे स्वतः अडलेले लोक. त्यांचा नियम एकच होता: स्वतः आत जाऊन बाहेर आल्याशिवाय हिरवा लावायचा नाही. दाभणने पण पुष्कळ ठिपके लावले, बहुतेक लाल. पण त्या नकाशाच्या जिवावर ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी बाजारात गेली, स्वतःच्या हाताने दोरा निवडून घेतला, दुकानदाराशी भांडली आणि परत आली. परत आल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, चेहरा काय फुललाय! कोणी भेटलं का काय?"

"भेटला ना. लबाड दोरेवाला."

नकाशा चांगला चाललाय म्हटल्यावर तो सरकारच्या डोळ्यांत भरला. महापालिकेने तो ताब्यात घेतला. जाहिरात झाली, फलक लागले, वर्ष संपायच्या आत शहर हिरवं करू असं कोणीतरी मोठ्याने बोललं. प्रत्येक दाराला रॅम्प बसवायचा आणि त्याचा फोटो नकाशावर चढवायचा, असा ठेका एका ठेकेदाराला दिला. अपंगांसाठी एक फोन-केंद्रही उघडलं, आणि जुनी ठिपकेवाली म्हणून दाभणला तिथे घेतलं. आधी काही महिने उमेदवारी, काम पटलं तर कायम.

कायम व्हायचंच, असं तिने ठरवलं होतं. बोटांची टोकं सुईने इतकी टोचली गेली होती की तिला गरम आणि थंड एकसारखंच लागायचं. इथे दाभण नाही, मेण नाही, ताडपत्रीचा डोकं उठवणारा वास नाही. कानाला यंत्र लावायचं, पडद्यावर बघायचं, सांगायचं. कोणी कुठून विचारी, "सिनेमाला जायचंय, खुर्ची जाईल का?" ती बघून सांगे. आजवर तोंडाचा उपयोग फक्त शत्रू जोडण्यासाठी झाला होता, त्याचा आता पगार मिळत होता.

एक दिवस एका घड्याळजीचा फोन आला. साखरेमुळे त्याचा एक पाय कापला होता, दुसऱ्याला जखम होती आणि दिवसाआड ती धुऊन पट्टी बदलावी लागायची. घराजवळच्या सरकारी दवाखान्याला रॅम्प आहे का, एवढंच त्याला हवं होतं. तिने पाहिलं. हिरवा ठिपका, सोबत फोटो, फोटोत दवाखान्याची पाटी आणि पायऱ्यांवर लोखंडी रॅम्प.

"आहे काका. खुशाल जा."

दुसऱ्या दिवशी त्याचा परत फोन.

"कालच्या बाई तुम्हीच का?"

"मीच."

"तुम्ही कधी खुर्चीत बसलाय?"

"बसलेलीच आहे. पायांनी मी पण अधू आहे."

"मग तर तुम्हाला जास्तच लाज वाटायला पाहिजे. रॅम्पबिम्प काही नाही तिथे. मी पायऱ्यांशी ताटकळलो. रस्त्यावरच्या दोघांना दया आली. उचलताना एकाने जखमेवरच हात घातला. पट्टी सुटून त्याच्या हाताला पू लागला, तर त्याने मला तसंच मधल्या पायरीवर टाकलं आणि हात भिंतीला पुसला. माझ्या पायाचा पू दवाखान्याच्या भिंतीला, आणि मी बाहेरच. असाच परत आलो. वास मारतोय पाय."

तिने फोन ठेवला. "खुशाल जा" हे तिचे स्वतःचे शब्द होते.

तिने फोटो परत काढला, मोठा केला. रॅम्प दिसत होता, झकास रॅम्प. आणि तिचा हात थांबला. पत्र्याची कड आत दुमडून कानशीने गोल केलेली होती, उचलताना हाताला लागू नये म्हणून. चाक घसरू नये म्हणून वर वेल्डिंगच्या तिरक्या रेघा ओढलेल्या होत्या, जवळजवळ, सगळ्या एका जाडीच्या. असल्या रेघा ओढणारा माणूस शहरात एकच होता. तिच्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर त्याच रेघा होत्या.

मग तिने पोस्टाचा फोटो काढला. तोच रॅम्प. कापडाच्या दुकानाचा, तोच. ग्रंथालय, बँक, औषधवाला, सगळीकडे तोच. उजव्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा ओरखडा होता, तो पोस्टावर होता, बँकेवर होता, ग्रंथालयावर पण होता. अख्ख्या शहराला एकच रॅम्प, आणि तो टेम्पोत बसून गावभर फिरत होता.

संध्याकाळी दादा हात धूत असताना तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"हे तुझं काम?"

त्याने ओल्या हातानेच मोबाइल घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "माझंच! वा, लावला वाटतं. बिजागरी दिसतेय का बघ. घडी घालतो तो. त्या ठेकेदाराने सांगितलं, हलका पाहिजे, घडीचा पाहिजे, दोघांत उचलेल असा पाहिजे. तीनदा पत्रा बदलला मी. शेवटी आतून पोकळ पाइपाची जाळी घातली. हत्ती चढव वर, वाकायचा नाही, आणि उचलायला सुपासारखा."

"दादा, रॅम्प उचलायचा कशाला?"

"म्हणजे?"

"दाराला बसवायचा रॅम्प. तो दोघांत उचलेल असा कशाला पाहिजे? विचारलंस?"

तो टॉवेल घेऊन तसाच उभा राहिला. "गिऱ्हाइकाने वजन सांगितलं. मी वजनाच्या मागे लागलो," तो म्हणाला. "जमतंय का नाही, तेवढंच डोक्यात."

तिने त्याला बाकीचे फोटो दाखवले. घड्याळजीचंही सांगितलं, पुवासकट. दादा एकेक फोटो बघत गेला. प्रत्येक फोटोत त्याचं काम सुरेख दिसत होतं, आणि त्याचीच त्याला शिसारी येत होती.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे," वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आणि त्यांना पळी करून दिली आमच्या माणसाने. ती पण हलकी, घडीची."

दादा त्या रात्री जेवला नाही. वहिनीने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी दाभण केंद्रातल्या साहेबाकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं होतं. त्याने फोटो बघितले, ओरखडा बघितला, चष्मा पुसला.

"तुम्ही रीतसर तक्रार नोंदवा."

"ती कुठे जाते?"

"ठेकेदाराकडे."

"चोराकडेच?"

"पद्धत आहे ती. आणि बाई, फोन करणाऱ्यांना पडद्यावर आहे तेच सांगायचं. तुम्ही आत्ता उमेदवारीवर आहात. पुढच्या आठवड्यात मी तुमचा कागद वर पाठवणार आहे. ऐकताय ना?"

ती ऐकत होती. जागेवर येऊन तिने दवाखान्याची तक्रार नोंदवली. जेवणाच्या सुट्टीपूर्वीच उत्तर आलं: तक्रारीचे निवारण झाले आहे. सोबत ताजा फोटो, दवाखान्याची पाटी, खाली रॅम्प.

पाठोपाठ घड्याळजीचा फोन. त्याच्या खिडकीतून दवाखाना दिसायचा.

"अहो बाई, गंमत बघा. टेम्पो आला. दोघांनी रॅम्प काढला, लावला, लांब जाऊन फोटो काढला, परत घडी घातली आणि गेले. माझा चहा निवला नव्हता तेवढ्यात."

दाभण विचारात पडली. मग तिला एकदम हसू आलं, कडू हसू. नळ सोडला की पाणी येतं तसं हे होतं. तक्रार केली की रॅम्प येतो.

"काका, उद्या पट्टी आहे ना? दवाखाना उघडला की दाराशी जाऊन थांबा. तिथून मला फोन करा. मी तक्रार सोडते. रॅम्प लागला रे लागला की कोणाचं न ऐकता वर चढा."

"आणि त्यांनी हटकलं तर?"

"पू दाखवा."

ठरल्याप्रमाणे झालं. टेम्पो आला, रॅम्प लागला, आणि फोटोवाल्याने मोबाइल वर करायच्या आत घड्याळजी चाकं रेटत वर निघाला. त्याला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. फोटोवाला उलट खूश झाला. "काका, जरा थांबा ना मधेच! हां, इकडे बघा. हसा की जरा!" खरोखरचा अपंग फोटोत मिळाल्याचा त्याला कोण आनंद. तो फोटो नकाशावर सगळ्यात वर चढला. वाढलेली दाढी, कापलेला पाय, तोंडावर न आलेलं हसू.

दाभणने तो पाहिला आणि बाजूला ठेवलेला डबा परत पिशवीत टाकला.

थोड्या वेळाने घड्याळजीचा आवाज. या वेळी हळू.

"बाई, पट्टी झाली. आत आहे मी. आता बाहेर कसा जाऊ? रॅम्प गेला."

याचा विचार तिने केला नव्हता. आत जाऊन बाहेर आल्याशिवाय ठिपका न लावणारी ती, आणि तिनेच एका माणसाला नुसतं आत घातलं होतं. तिने घाईने परत तक्रार टाकली. पडद्यावर उत्तर आलं: या ठिकाणाची तक्रार नुकतीच निकाली निघाली आहे. कृपया उद्या प्रयत्न करा.

"दवाखाना दुपारी बंद होतो," घड्याळजी म्हणाला. "शिपाई किल्ल्या वाजवतोय. म्हणतो, आलात तसे जा."

तिने दादाला फोन लावला. दवाखान्याचं नाव सांगितलं. दादाने ग्राइंडर बंद केल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

मग ती पडद्याकडे वळली. दवाखान्याचा ठिपका हिरवागार चमकत होता. जुन्या ठिपकेवाल्यांना रंग बदलायची मुभा होती, ती काढून घ्यायला कोणीतरी विसरलं होतं. साहेबाच्या हुकमाशिवाय ती वापरायची नाही, एवढं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेजारच्या टेबलावर फोन वाजत होता आणि शेजारीण गोड आवाजात कोणाला तरी सांगत होती, "हो, रॅम्प आहे ना. खुशाल जा."

ते दोन शब्द ऐकून तिने कानाचं यंत्र काढून ठेवलं. तिने दवाखाना लाल केला. मग पोस्ट. मग बँक. फोटो उघडायचा, ओरखडा बघायचा, लाल करायचा. शिवण उसवण्यासारखं काम होतं ते. घाई केली तर कापड फाटतं. एक दार असं निघालं की तिथे खरा सिमेंटचा उतार होता, ते तिने हिरवंच ठेवलं. मागे साहेब येऊन उभा राहिल्याचं तिला कळलं, पण तिने मान वळवली नाही.

"बाई, हे काय करताय?"

"पुसतेय."

"थांबा! तुमचा कागद अजून माझ्या टेबलावर आहे. आत्ता थांबलात तर मी काही पाहिलं नाही असं म्हणेन."

"एवढी रांग राहिलीय साहेब. ती झाली की थांबते."

त्याने कोणाला तरी फोन केला. पडदा काळा पडला, तेव्हा शेवटची गल्ली राहिली होती. एक गल्ली तशीच खोटी राहिली, याची टोचणी तिला नोकरी गेल्यापेक्षा जास्त लागली.

घरी आली तर दादा दुकानाच्या दाराशी बसला होता. सदऱ्यावर डाग.

"काकांना बाहेर काढलंस?"

"काढलं. आधी विचारलं, कुठे धरू. त्यांनी सांगितलं तिथे धरलं. खाली ठेवल्यावर विचारलं त्यांनी, तुम्ही कोण? म्हटलं, तो रॅम्प मी केलाय." त्याने सदऱ्याकडे बघितलं. "दवाखान्यापासून घरापर्यंत शिव्या दिल्या मला. घड्याळजीला एवढ्या येत असतील असं वाटलं नव्हतं."

"आणि तू?"

"खुर्ची ढकलत होतो. काय करणार? एक पण शिवी चुकीची नव्हती."

कमाल पुढेच आहे. दोन दिवसांनी ठेकेदार स्वतः दुकानात आला. दाभण परत ताडपत्री घेऊन बसली होती. ठेकेदाराने तिच्याकडे बघितलंही नाही. दादाच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या रॅम्पने नाव काढलं! कोणीतरी वेडपट बाईने सगळं लाल करून ठेवलंय. आता परत फोटो काढत फिरायचं. एक पुरत नाही. तसेच आणखी करून द्या. आणखी हलके जमतील का?"

दादाने हातातलं काम खाली ठेवलं. "कुठल्या दाराला बसवायचेत? पायरी किती उंच आहे? मी येऊन माप घेतो. सिमेंटचे करतो, जागेवर."

"अहो, जागेवर कशाला? मग दुसरीकडे काय लावू?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, लाज नव्हती, काहीच नव्हतं. आतून वहिनी म्हणाली, "तुमच्या तोंडाला लावा," आणि केर काढत काढत त्याच्या बुटांपर्यंत आली. बूट मागे सरले, केराबरोबर बाहेर गेले.

रविवारी दवाखाना बंद असतो. दादा वाळू, सिमेंट आणि फळ्या घेऊन गेला. परवानगी कोणी दिली नव्हती, कोणी मागितली नव्हती. पायऱ्यांच्या उंचीला जेवढी लांबी लागते तेवढी त्याने घेतली, त्यामुळे उतार शिपायाच्या सायकल ठेवायच्या जागेवरून गेला. वर झाडूने ओले पट्टे ओढले, चाक धरून राहावं म्हणून. घट्ट बसेपर्यंत त्यावर पाय पडू नये म्हणून तो उन्हात तिथेच बसून राहिला. कुत्र्यालाही त्याने वरून जाऊ दिलं नाही.

पुढच्या पट्टीला घड्याळजी गेला आणि आला. मग त्याने दाभणला फोन केला. आता दादाने दिलेल्या तिच्या घरच्या नंबरावर.

"एकटा गेलो, एकटा आलो. कोणाचा हात लागला नाही. नकाशा काय म्हणतो?"

तिने मोबाइलवर पाहिलं. पोस्ट हिरवं झालं होतं. बँक, ग्रंथालय, कापडवाला, सगळे परत हिरवे, नव्या फोटोंसकट. पिवळा ओरखडा पण होता. दवाखाना तेवढा लाल. त्याचा फोटो पाठवायला ठेकेदाराला काही कारण नव्हतं. तिथे रॅम्प लावायला जागाच उरली नव्हती. आणि रंग बदलायची तिची मुभा गेली होती.

"लाल म्हणतो."

घड्याळजी हसला. मग खोकला. मग एक शिवी दिली, जी वहिनीलाही दूरवरून ऐकू गेली.

"मग लोकांना कळणार कसं, बाई? माझ्या गल्लीतच एक आजी आहेत खुर्चीवर. लाल बघून त्या घरीच बसतात."

"त्यांचा नंबर द्या."

"आणि पोस्टाचं काय? ते हिरवं बघून कोणी गेलं तर?"

दाभणने मेण लावलेला दोरा दातांत धरला, सुईत ओवला आणि मोबाइल मांडीवर ठेवून आवाज मोठा केला.

"पोस्टातल्या शिपायाचा पण काढा. एकेकाला विचारत बसू. बोला, लिहून घेते."